भिंतीतला जोड

"काय उजेड पाडलास?" असं आपण एखाद्याला टोचून विचारतो. माझ्या भावाला हा टोमणा कधीच लागू पडला नाही, कारण उजेड पाडणं हाच त्याचा धंदा होता. दादा वायरमन. विसाव्या वर्षी खिशात टेस्टर अडकवला तो त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत. सदरा बदलला की आधी टेस्टर नव्या खिशात जायचा आणि मग दादा सदऱ्यात.

लोक त्याला अखंडराव म्हणत. त्यामागे त्याचा एक हट्ट होता. भिंतीतल्या पाइपात तारेला जोड द्यायचा नाही. भिंतीवरच्या, झाकण उघडता येणाऱ्या एका डबीतून निघालेली तार दुसऱ्या डबीत पोचेपर्यंत एकसंध हवी. वीतभर कमी पडली तरी सगळी उपसून बाहेर काढायची आणि नवी घालायची. बाकीचे वायरमन दोन टोकं पिळायचे, वर टेप गुंडाळायचे आणि भिंतीच्या पोटात ढकलून मोकळे व्हायचे. कोण बघायला येतंय? दादा म्हणायचा, "म्हणूनच नाही करायचं. डबीतला जोड सैल झाला तर दिसतो. भिंतीतला जोड आतल्या आत तापत राहतो आणि घरातली माणसं गाढ झोपलेली असतात." एकदा एका घरी हातभर तार कमी पडली म्हणून त्याने संपूर्ण माळ्याची तार काढली. घरमालक डोक्याला हात लावून बसला. तेव्हापासून हे नाव पडलं आणि दादाने ते पदवीसारखं मिरवलं.

तारेची, मोटरची, भिंतीची उष्णता तो नेहमी उलट्या हाताने बघायचा. कारण साधं आहे. विजेचा झटका बसला की मूठ आपोआप आवळते. तळहाताने धरलेली तार सुटत नाही, उलटा हात मात्र झटकला जातो. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की पोरीचा ताप बघायचा तरी तो उलट्या हाताने कपाळ बघायचा. वहिनी हसायची. म्हणायची, "लेक आहे ती तुमची, ट्रान्सफॉर्मर नाही."

वहिनी चौदा वर्षांपूर्वी गेली. ज्या दिवशी दादाने आमच्या घरी सौर दिवे बसवले त्याच दिवशी. आमच्या गल्लीत तोवर छपरावर पॅनेल कुणाकडेच नव्हतं. दोन पॅनेलं, जिन्याखाली एक बॅटरी, चार दिवे आणि एक पंखा. दादा सकाळी आला, एकट्याने सगळं उभं केलं. दुपारी त्याला घरून फोन आला, काम संपवून तो गेला, आणि वहिनी त्या दिवशी गेली. ती वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. नंतर मी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "पोचलो होतो मी. दोन शब्द बोलणं झालं." मला तेवढंच माहीत होतं आणि तेवढ्यावर माझं समाधान होतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. दादाची लेक, माझी भाची, त्याच्याच हाताखाली शिकली आणि त्याच्याहून सवाई निघाली. आता सौर यंत्रणा बसवण्याची सगळी कामं तिच्याच नावावर चालतात. बापलेक एकाच घरात राहायचे, एकाच गाडीवरून कामाला जायचे, पण ती त्याच्याशी कामाखेरीज चकार शब्द बोलत नसे. "शिडी धरा." "पक्कड द्या." "स्विच बंद आहे ना?" संपलं. मी एकदा तिला छेडलं तर म्हणाली, "बाबांना विचार." बाबांना विचारलं तर म्हणाला, "पोर शिस्तीची आहे." मी कचेरीत चाळीस माणसांना धाकात ठेवून निवृत्त झालेली बाई, पण या दोघांकडून मला काही काढता आलं नाही. आई गेल्यावर पोर आत आक्रसली असेल, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं. माणसाला सोयीचं उत्तर सापडलं की तो पुढे शोधत नाही.

मग आमच्या ह्यांची फुप्फुसं थकली. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं. चोवीस तास चालू ठेवायचं. बंद पडलं की दहा मिनिटांत ह्यांचे ओठ निळे पडू लागतात. मी ते एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही. आमच्याकडे वीज रोज चार-पाच तास जाते. म्हणून दादाने घाईघाईने बॅटरी मोठी केली, पुढच्या खोलीत पलंगाशेजारी इन्व्हर्टर बसवला आणि तो भिंतीतल्या जुन्याच तारेला जोडला. "महिनाभर चालेल," तो म्हणाला, "मग बघू." त्या महिन्याचे सहा महिने झाले.

त्या सहा महिन्यांत दादा रोज यायचा. वीज गेली की अर्ध्या तासात दारात हजर. ह्यांना "काय भाऊजी, कसं काय?" विचारायचा आणि बोलता बोलता जिन्याजवळच्या कोपऱ्यापाशी जाऊन भिंतीला उलटा हात लावायचा. परत येऊन बसायचा. पुन्हा उठून हात लावायचा. वीज आली की घरी. मला वाटायचं म्हातारपणाची सवय असेल. मी त्याला चिडवायचे सुद्धा, "दादा, भिंतीला ताप आहे का रे?" तो हसायचा नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसणारा माणूस.

एका सकाळी त्या कोपऱ्यातला रंग मला फुगलेला दिसला. हात लावला तर भिंत कोमट होती. उन्हाची भिंत नव्हती ती, घराच्या आतली. मी दादाला न सांगता भाचीला फोन केला. ती मीटर घेऊन आली, वीज गेल्यावर तारेतला प्रवाह मोजला आणि जमिनीवरच बसली.

"आत्या, ही तार चार दिवे आणि एका पंख्यासाठी आहे," ती म्हणाली. "बॅटरीची वीज कमी दाबाची असते. दाब कमी असला की नळ मोठा लागतो, तसं आहे हे. काकांचं यंत्र या तारेवर चालवणं म्हणजे... तू सहा महिने कशी झोपलीस गं?"

"मला काय ठाऊक? तुझ्या बापाने जोडलंय."

ती तिथेच कागद काढून यादी करू लागली. छपरावर आणखी चार पॅनेलं, जिन्याखालून पलंगापर्यंत करंगळीएवढी जाड तार, नवा फ्यूज, जमिनीत नवं अर्थिंग. जुनी तार मुळापासून बाहेर.

दुसऱ्या दिवशी दादाने ती यादी वाचली. चष्मा वर केला, खाली केला. "बाकी सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त नवी तार भिंतीबाहेरून ने. जुनी आत राहू दे."

"का?" भाचीने विचारलं.

"दिव्यांना पुरे आहे ती."

"दिव्यांना वेगळी टाकते मी. जुनी त्याच पाइपातून ओढून काढली की नवी तिच्याच जागी जाईल. भिंत फोडायला नको, काही नको. तुम्हीच शिकवलंय."

"राहू दे म्हटलं ना!"

दादाचा आवाज चढलेला मी आयुष्यात तीनदा ऐकला असेल. भाची त्याच्याकडे बघत राहिली. मी मधे पडले, आणि मी मधे पडते तेव्हा नीट पडत नाही. "दादा, तुझ्या तारेला काय सोनं लागलंय? वय झालं की माणसाने आपलं काम दुसऱ्याच्या हाताने निघताना बघायची तयारी ठेवावी. इथे ह्यांचा जीव टांगणीला लागलाय आणि तुला तुझ्या अखंड तारेचं कौतुक!"

त्याने यादी घडी घालून लेकीच्या हातात दिली. मग म्हणाला, "तुमच्या मनासारखं करा." आणि उठून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं. आज ते वाटणं आठवलं की स्वतःची लाज वाटते.

पॅनेलं आदल्या दिवशी चढवून झाली होती. तारेचं काम शनिवारी सकाळी दहाला सुरू झालं. ते चालू असताना घरातली वीज पूर्ण बंद ठेवावी लागणार होती, म्हणून ह्यांच्यासाठी प्राणवायूचा सिलिंडर आणून ठेवला होता. तो चार तास पुरणार. दुसरा मिळाला नाही. भाची म्हणाली, "तीन तासांत होईल." मी सिलिंडरवरच्या काट्यासमोर खुर्ची टाकून बसले. हे पलंगावर उशांना टेकून डोळे मिटून होते. त्यांना बोलायचे श्रम नको म्हणून आम्हा दोघांमधे ठरलेलं होतं, हाताचं एक बोट वर म्हणजे ठीक.

दादा आला होता. मला वाटलं होतं, रुसून घरी बसेल. पण तो आला, जिन्याखाली बॅटरीपाशी बसला, आणि लेकीने सांगितलं ते मुकाट्याने करू लागला. कामाची रीत अशी की जुन्या तारेच्या एका टोकाला नवी तार घट्ट बांधायची. एकाने या बाजूने सोडायची, दुसऱ्याने भिंतीपलीकडून ओढायची. जुनी बाहेर येते आणि तिच्यामागे नवी आपसूक आत जाते. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. नुसत्या हाका.

"सोडा."

"सोडली."

"सोडा."

"सोडली."

आठ-दहा हात तार आली आणि अडकली. भाचीने जोर लावला. पाय भिंतीला टेकवून ओढलं. तार हलेना. उलट ओढून बघितली, तेल सोडलं, पुन्हा ओढली. पाऊण तास गेला. तो फुगलेला कोपरा होता ना, जिथे पाइप वळतो, नेमकी तिथेच ती रुतली होती.

"इथे आत काहीतरी आहे," भाची म्हणाली. "अखंड तार अशी अडकत नाही."

जिन्याखालून नुसता पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला.

काटा अर्ध्याच्या खाली आला होता. ह्यांचं बोट वर होतं. भाचीने छिन्नी-हातोडी काढली आणि कोपरा फोडायला घेतला. गिलावा पडला, विटेचा चुरा पडला, पाइप दिसला. पाइपाचं प्लास्टिक तपकिरी पडून आक्रसलं होतं. तिने ते करवतीने हलकेच कापलं. आतून एक काळी गाठ बाहेर आली. टेप वितळून तिचा डांबरासारखा गोळा झाला होता, आत तांब्याचे चार-दोन तंतू एकमेकांना कसेबसे धरून होते. खोलीभर जळका वास पसरला. त्या चार तंतूंवर सहा महिने माझा नवरा श्वास घेत होता.

भाचीचा चेहरा रागाने लाल झाला. "हे बाबांचं काम नाही," ती म्हणाली. त्या क्षणी तिला बापाचा अभिमानच वाटला असणार, कारण ती पुढे म्हणाली, "मरतील पण भिंतीत जोड देणार नाहीत ते. आत्या, दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे तो पंपवाला आला होता ना? त्यानेच तार तोडून परत पिळली असणार. थांब, त्याला आत्ता फोन लावते. माणसं मारायला निघालेत हे लोक!" तिने खरंच फोन काढला आणि नाव शोधू लागली.

दादा जिन्याखालून उठून आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"फोन ठेव," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही. जोड माझा आहे."

भाची हसली. तिला ते खोटंच वाटलं. "तुमचा? आणि भिंतीत?"

"माझा."

"कधी दिलात?"

 याचं उत्तर मला माहीत होतं. ही तार आमच्या घरात एकदाच पडली, एकाच दिवसात, आणि त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता.  

"त्या दिवशी," मी म्हटलं. "वहिनी गेली त्या दिवशी."

 दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन हात तार कमी पडली. दुकानात जाऊन यायला तासभर लागला असता. म्हटलं, आज जोड देतो, उद्या येऊन बदलतो. दिवे लावले आणि सव्वाचारला निघालो."

"सव्वाचारला?" भाची म्हणाली. "मी तुम्हाला सव्वातीनला फोन केला होता. लगेच निघा म्हटलं होतं. आई साडेचारला गेली. तुम्ही पाचला आलात."

"पाचला?" मी म्हटलं. "दादा, तू मला सांगितलंस की बोलणं झालं."

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता पुरे, पुढे बोलू नकोस. मग मला सगळं लख्ख दिसलं. त्याने मला एक सांगितलं होतं आणि लेकीला दुसरं. मला सांगितलं की वेळेवर पोचलो, म्हणजे माझ्या जिवाला घोर नको. लेकीला सांगितलं की कामात होतो, म्हणजे माझं नाव निघायला नको. आणि आम्ही दोघींनी चौदा वर्षांत एकमेकींना एका शब्दाने विचारलं नाही. मरणाच्या वेळा कोण ताडून बघतं?

मी त्याची नजर मानली नाही. आयुष्यात एक काम मी धड केलं असेल तर ते हे.

"पोरी, त्याला मी थांबवलं," मी म्हटलं. "तो स्टुलावर होता. फोन ठेवून म्हणाला, लगेच ये म्हणतेय पोरगी, जायला हवं. त्या संध्याकाळी मी अख्ख्या गल्लीला दिवे बघायला बोलावलं होतं. सूर्यावर चालणारे दिवे. मी म्हटलं, रोजचंच आहे ते. दिवे लागू देत, मग जा."

हे शब्द मी तेव्हा बोलले होते हे मला चौदा वर्षं आठवत होतं. फक्त ते कुणाला केवढ्याला पडले ते ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते ठाऊक करून घ्यायची मी कधी खटपट केली नव्हती.

"तिने नाही थांबवलं," दादा घाईने म्हणाला. "मी थांबलो. पाय माझेच होते ना? मला वाटलं, अर्ध्या तासाने काय होतंय. म्हणून तर जोड दिला. नंतर बदलायला यायचं दहादा ठरवलं, पण त्या तारेला हात लावायचं धाडस झालं नाही. भाऊजींचं यंत्र आलं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. रोज येऊन भिंत बघत बसलो. त्यापेक्षा मोठा गुन्हा नाही."

भाचीच्या हातात ती काळी गाठ होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून सिलिंडरच्या काट्यावर गेली.

"सव्वा तास राहिलाय," ती म्हणाली. "बाजूला व्हा, आत्या."

तोपर्यंत ती मला 'अगं आत्या' म्हणायची.

तिने गाठ कापून फेकली. जुनी तार दोन्हीकडून उपसली, पाइपाचा जळका तुकडा काढून नवा बसवला, लोखंडी सळईतार आत घालून तिला नवी तार बांधली. दादा पुन्हा जिन्याखाली गेला. ती भिंतीच्या या बाजूला. मी मधे, पलंगापाशी, ह्यांचा हात धरून.

"सोडा."

"सोडली."

जाड तार हळूहळू येत होती. दोन-तीन हाका झाल्या आणि मग भाचीने ओढता ओढता, भिंतीकडेच बघत म्हटलं, "आईने दोनदा विचारलं होतं, हे कुठवर आले. मी सांगितलं, वाटेत आहेत."

तिने आणखी हातभर तार ओढली.

"तिला खरं वाटलं, बाबा. तुम्ही येताय असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं. सोडा."

बराच वेळ तार आली नाही. मी उठून बघायला गेले नाही. मला तिथे जायचा हक्क नव्हता. मग भिंतीतून दादाचा आवाज आला, घोगरा, पण ऐकू येण्याजोगा. "बरं केलंस, बाळा. सोडली."

एक वाजून चाळीस मिनिटांनी भाचीने स्विच दाबला. यंत्र घरघरलं, हवा सोडू लागलं. तिने नळी सिलिंडरवरून काढून यंत्राला लावली तेव्हा काटा तळाला लागत आला होता. ह्यांनी बोट वर केलं. सगळं त्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं झालं." दम लागेपर्यंत तेवढंच त्यांना बोलता येतं.

भाचीने हत्यारं आवरली. मी चहा ठेवला होता. ती म्हणाली, "नको," आणि बापाला म्हणाली, "चला बाबा, तुम्ही मागे बसा, मी चालवते." गाडी सुरू होण्याआधी दारातून मला दिसलं की तिने त्याच्या शर्टावरचा गिलाव्याचा चुरा झटकला. मग दोघं निघून गेली.

त्यानंतर दादाला आठ महिने मिळाले. त्या आठ महिन्यांत तो बदलला असं मी म्हणणार नाही, पण तो बोलका झाला. आमच्याकडे यायचा आणि लेकीच्या गोष्टी सांगत सुटायचा. आज ती असं म्हणाली, काल आम्ही दोघांनी जुने फोटो काढले, वहिनीच्या एका फोटोवरून तिने मला कसं खिजवलं. कोपऱ्यातली भिंत मात्र तो येता-जाता बघायचाच. "गार आहे," असं स्वतःशीच म्हणायचा आणि खुर्चीत पाय पसरून बसायचा. शिवाय त्याने एक काम काढलं. आजवर तार टाकलेल्या घरांची आठवेल तशी यादी केली आणि लेकीला घेऊन घरोघर हिंडला. सौर यंत्रणेत नंतर भर टाकली असेल तिथे तार जाड करायची, जुनी काढायची. एकाही घरात दुसरा जोड निघाला नाही. तो फक्त आमच्याच घरात होता. भाचीने हे मला सांगितलं नाही, दादानेच सांगितलं.

भाची माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. तीन महिन्यांतून एकदा यंत्रणा तपासायला येते. "पॅनेलं पुसून घ्या." "हा दिवा लाल झाला तर मला कळवा." पाणी दिलं तर पिते, बसत नाही. चौदा वर्षं जे दादाने सोसलं ते आता माझ्या पानात पडलंय, आणि वाढणाऱ्या हाताला मी दोष देत नाही. दादाने मधे पडायचा प्रयत्न केला. मीच त्याला म्हटलं, "राहू दे. तिचं तिला ठरवू दे."

परवाच्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. मी ह्यांना भरवत होते. फोनवर तिचं नाव बघून मला वाटलं, तपासणीचा दिवस सांगायचा असेल.

"आत्या, बाबांचं काही खरं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ कठीण आहे. आत्ता नीघ. हातातलं सगळं टाक आणि नीघ."

मी वाटी ओट्यावर ठेवली, शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं आणि घरच्या कपड्यांवर, पायात दोन वेगळ्या चपला घालून निघाले. वाटेत मी एकच विचार करत होते. तिने तासाभराने फोन केला असता तरी चाललं असतं. कुणी तिला नावं ठेवली नसती. तिच्या जागी स्वतःला बसवून मी तोलून बघितलं, तर मी तासाभरानेच केला असता. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण दादाबद्दल लिहायचं आणि स्वतःबद्दल झाकायचं, हे आता जमणार नाही.

मी पोचले तेव्हा दादा शुद्धीवर होता. माझ्या चपला बघून त्याला हसू आलं. भाची पलंगाच्या डाव्या बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे न बघता पायाने दुसरं स्टूल उजवीकडे सरकवलं. मी बसले. दादाने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "दोघी आलात." मग तो फारसं बोलला नाही. साडेपाचला गेला. तोपर्यंत त्याचा एक हात तिच्या हातात होता आणि एक माझ्या.